भिवाच्या बोळाची पाटी

माझं बूड एका जागी टेकत नाही, पायाला भिंगरी आहे, असं घरचे म्हणतात. म्हणू देत. या खेपेला मला पिटाळलं ते आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. इंदापुरात गल्लीबोळांना नव्या पाट्या लागणार होत्या आणि आमच्या जुन्या घराच्या ‘भिवाच्या बोळा’ला कुणीतरी ‘गुलमोहर पथ’ असं नाव सुचवलं होतं. तिथं एकही गुलमोहर नाही! जुनं नाव टिकवायचं, तर भिवा कोण, हे गुरुवारी दुपारपर्यंत लेखी द्यायचं होतं. हे कळलं मंगळवारी रात्री.

भिवा म्हणजे आप्पांचे चुलत आजोबा. आप्पा चार वर्षांचे असताना घर बारामतीला आलं. आता पंच्याहत्तरी उलटली, गुडघे गेले, पण एक आठवण पक्की आहे. “त्यांच्या काळ्या घोंगडीला टेकून झोपायचो मी. काठीची वाकडी मूठ हातात धरून. घोंगडी टोचायची, पण तसली ऊब पुन्हा न्हाय मिळाली.” पित्रांना आमच्याकडं भिवाचं पान वेगळं वाढतात. त्यावर शिजवलेलं काही नसतं, मूठभर कच्चे हरभरे आणि गुळाचा खडा. का, म्हणून विचारलं तर आप्पा म्हणत, “व्रतस्थ माणूस होता.” आमच्या घराण्यात बोळाला नाव मिळालेला हा एकच पुरुष, म्हणून पुढं कुणी विचारलं नाही.

बुधवारी सकाळी बारामती स्टँडवर इंदापूरची एसटी धरली. बाईमाणसाला अर्धं तिकीट, त्यामुळे फिरायला निमित्त लागत नाही. बारामतीच्या रस्त्यांची नावं मला आवडतात. भिगवण रोड, पाटस रोड, फलटण रोड. आपल्यासारखेच, सारखे निघण्याच्या तयारीत. चौकात तीन हत्ती आहेत, तर त्याचं नाव तीन हत्ती चौक. उगाच डोकं खाजवायला नको.

कारखाने सुरू असल्यानं भवानीनगरपासून पुढं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर. स्वतःच्या गाडीनं जाणार असाल तर अर्धा तास जास्तीचा धरा आणि ओव्हरटेकची घाई करू नका. मला एसटीत बसून घाई होत होती, तिचा काही उपयोग नव्हता. निमगाव केतकी येईपर्यंत मी कंडक्टरला तीनदा वेळ विचारली. “ताई, गाडी तुमीच चालवा आता,” तो म्हणाला.

इंदापुरात स्टँडसमोर मिसळ खाल्ली, झणझणीत आणि स्वस्त. मग पालिकेतून कोरा अर्ज घेतला. रकाने तीन: नाव, नाते, कार्य. तिथून बोळात गेले. तोंडाशीच एक तात्या शिलाई मशीनवर बसलेले, ऐंशी ओलांडलेले, जन्म तिथलाच. मी कुणाच्या घरची ते सांगितलं आणि वही काढून विचारलं, “तात्या, भिवाजी म्हणजे नेमके कसे गृहस्थ होते?”

“गृहस्थ?” तात्यांनी मशीन थांबवली. “आगं बाई, एडका हुता त्यो! काळाभोर. डाव्या शिंगाचं टोक मोडल्यालं.”

वहीत ‘भिवाजी’ लिहिलं होतं, त्यातला ‘जी’ मी खोडला.

“तुझ्या पणज्यानं मेंढरं इकली, रान घेतलं. यापारी सगळा कळप घिऊन गेला. तिसऱ्या दिशी भिवा एकलाच परत! कुठनं आला, कसा आला, देव जाणं. हितं बोळाच्या तोंडाला बसला, कळप यील म्हणून. कुनाला जाऊ दीना. लोक म्हनायचं, भिवाच्या बोळातनं नगं, वरनं जा.”

आधी मला हसू फुटलं. मग ते थांबलं. आप्पांना हे सांगायचं कुणी? सत्तरएक वर्षं ज्याला आजोबा म्हणून पान वाढलं, तो मेंढा! रकान्यात एखादा समाजसेवक भिवाजी रचून टाकावा, असंही मनात आलं. खोटं कशाला बोलू, पेन उघडलंही होतं.

परतीला सणसरला उतरले. तिथं आप्पांची थोरली बहीण असते, आक्का. तिनं शेंगोळे वाढले. मी ताटावरच विचारलं, “तुला माहीत होतं?”

“व्हय की.”

“मग सांगितलं का नाही कधी?”

“कसं सांगू? म्हातारा म्हणून आई त्याला भिवाआजोबा म्हणायची. तुझा बाप त्याच्या कुशीत झोपायचा. भिवा मेला तवा पोरगं दोन दिस जेवलं न्हाय. मग आईनं पान वाढलं, म्हणाली, आजोबा देवाघरी गेलं, त्यांच्यासंगं जेव. तवा कुठं घास गिळला त्यानं. त्याच साली घर हाललं, अन् ते तसंच राहिलं.”

शेंगोळे फार छान होते, पण मला अर्धेच गेले.

संध्याकाळी घरी आले आणि चपला न काढताच सगळं सांगून टाकलं. शिंगाचं तेवढं राहून गेलं. आप्पांनी आपला तळहात उघडून पाहिला.

“डावं शिंग मोडकं होतं का गं?”

“तुम्हाला कसं माहीत?”

“ती मूठ,” ते म्हणाले. “टोकाला खरबरीत लागायची.” आणि माझ्या आप्पांना मी पहिल्यांदा रडताना पाहिलं. मग नाक पुसून म्हणाले, “आण त्यो अर्ज. हितं तीन हत्तींचा चौक चालतोय, तर तितं एका एडक्याचा बोळ का न्हाय? लिही. नाव, भिवा. नातं, आजोबाच लिही.”

“आणि कार्य?”

“एका पोराला ऊब दिली.”

तसंच लिहिलं. गुरुवारी पहिल्या एसटीनं जाऊन अर्ज दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि शिक्का मारला. महिन्याभरानं पाटी लागली, ‘भिवाचा बोळ’. तिचा फोटो काल आला, आणि गुडघ्यांपायी दारापर्यंत न जाणारे आप्पा आज पहाटेपासून चपला घालून बसलेत.

“उरक की गं,” म्हणतात, “लई वर्सं वाट बघत बसलाय त्यो.”