दहा साखळ्या, चार आणे

अण्णा गेल्याची बातमी मला दत्तानं दिली, आणि खरं सांगायचं तर दुःखाच्या आधी मला संशयच आला. हे दोघे सख्खे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मग याला माझ्याआधी कसं कळलं? "वहिनीनं फोन केला, सर. सकाळी चहा घेतला आणि…" एवढं बोलून तो थांबला. धारवाडहून उणकलला अण्णाच्या घरी पोचेपर्यंत मी त्याच्या त्या थांबण्याचाच अर्थ लावत होतो.

अण्णाच्या संगतीत तीस वर्षं काढली की माणूस असा होतो. तो हुबळीच्या एका कारखान्यात टूलरूमला होता. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडेतिकडे झाला तरी काम भंगारात टाकायचा. नोकरी सुटली, पण ती नजर काही सुटली नाही. दुर्गदबैलच्या बाजारात शर्टाचं कापड घ्यायला गेलो की हा खिशातून पोलादी पट्टी काढून दुकानदाराच्या मीटरला लावणार. एकदा तो मीटर टोकाला झिजून दोन मिलिमीटर कमी निघाला, तर आठवडाभर स्वारी खुशीत होती. घर बांधलं तेव्हा गवंड्याचा ओळंबासुद्धा त्यानं तपासला. कुणाच्याही मापावर त्याचा भरवसा नव्हता. अपवाद फक्त माझा. मी गणिताचा मास्तर, म्हणून माझं उत्तर त्यानं कधी पडताळून पाहिलं नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा…

वडील वारल्यावर दोघा भावांनी कलघटगीचं रान मोजायचं ठरवलं. वाटणी वडिलांनीच कधीकाळी करून दिली होती, मधे बांध होता. कागदावर अण्णाच्या वाट्याची रुंदी लिहिली होती – दहा साखळ्या, चार आणे. तेहतीस फुटांची एक साखळी, आणि एका साखळीचे सोळा आणे. अण्णाला मिलिमीटर कळायचे, आणे नाही. "सर, याचे मीटर करा," तो म्हणाला. मी बांधावर उभ्या उभ्या हिशेब केला. आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच, म्हणजे त्रेसष्ट सेंटिमीटर. असे एकशे चौसष्ट आणे. एकशे तीन मीटर बत्तीस! टेप लावला तर भरले एकशे तीन मीटर दहा. बरोबर वीतभर कमी. अण्णानं वर पाहिलं ते थेट दत्ताकडे.

"अण्णा, मी बांधाला हात लावला नाही रे," दत्ता म्हणाला.

"सरांचा आकडा आहे. तो खोटा, आणि तू खरा होय?"

त्या दिवसापासून बोलणं तुटलं. आपला वाटा अण्णानं परस्पर दुसऱ्याला खंडानं दिला आणि कलघटगीचं नाव टाकलं. मीही त्याच्याच बाजूचा. दत्ताचा तो साधाभोळा चेहरा मला तेव्हापासून डाचत होता.

म्हणून परवा, अण्णाला जाऊन महिनाही झाला नसताना, अण्णानं माझ्याकडे ठेवायला दिलेला तो वाटणीचा कागद दत्तानं मागितला तेव्हा मी सावध झालो. "बाबांचं अक्षर आहे त्यात, सर. एक झेरॉक्स तरी…" अक्षर कसलं, याला आता रान हवंय! याला आकड्यानिशी गप्प करावा म्हणून कागद काढला आणि मोबाइलवर नीट हिशेब केला. एक आणा म्हणजे सहाशे अठ्ठावीस पूर्णांक पासष्ट मिलिमीटर. मी सहाशे तीस धरले होते. आण्यामागे दीड मिलिमीटरही नाही, पण एकशे चौसष्ट वेळा. पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला. उत्तर तेच, एकशे तीन मीटर दहा सेंटिमीटरला जेमतेम दीड मिलिमीटर कमी. वीत कुठे गेलीच नव्हती. ती माझ्या तोंडून निघाली होती.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन कलघटगीला गेलो. वहिनींकडून अण्णाचा टेप मागून घेतला होता. का घेतला, ते नीट सांगता येणार नाही. दत्ताला सगळं सांगितलं. तो रागावेल, शिव्या देईल, असं वाटलं होतं. त्यानं कागदावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"इरली बिडरी, सर. असू दे. मला तरी कुठं कळलं? तुमचा आकडा चुकतोय कसा? म्हटलं, बाबांचीच चूक असंल. त्याच साली पेरणीआधी बांध सरकवला मी. वीतभर माझ्या रानात घेतला."

"आणि अण्णाला सांगितलं नाहीस?"

"दोनदा फोन केला की. उचलला नाही. मग म्हटलं, येईल मोजायला. त्याला चैन पडतंय होय मोजल्याशिवाय? दर वर्षी वाट बघितली…"

लाज वाटते सांगायला, पण तेवढं ऐकूनही माझा हात पिशवीतल्या टेपकडे गेला. दत्तानं ते पाहिलं आणि टेपचं टोक हातात घेऊन तो बांधाकडे चालू लागला. टेप दोनदा पुढे सरकवावा लागला. शेवटचा आकडा मी चष्मा पुसून वाचला. एकशे तीन मीटर बत्तीस.

"किती आलं, सर?" दत्ता पलीकडून विचारत होता. मी टेप तिथंच ठेवून त्याच्याकडे चालू लागलो.