उशीतला पाला

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला कांजिण्या झाल्या, आणि घरात चौकशी सुरू झाली ती आईच्या डोक्याची.

त्याचं असं झालं. कांजिण्या आधी माझ्या मुलीला झाल्या, शाळेतून आल्या. बायकोला लहानपणी कधीच झाल्या नव्हत्या, म्हणून ती तळवलीला बहिणीकडे राहायला गेली. कोपरखैरण्याच्या आमच्या दोन खोल्यांत उरलो आम्ही तिघं. आई म्हणाली, "तू बस पोरीजवळ. तुला लहानपणीच होऊन गेल्यात, आता काय होत नसतंय." मी रजा टाकली आणि बसलो. लोशन लावायचं, खाजवू द्यायचं नाही, पत्त्यांत मुद्दाम हरायचं. शेजारचे दार किलकिलं करून विचारायचे तेव्हा मी जरा ऐटीतच सांगायचो, मला होऊन गेल्यात. मुलगी बरी होऊन शाळेत गेली आणि माझ्या पोटावर पहिला फोड आला.

ताईला फोन गेला. माझी थोरली बहीण बोलताना आधी निकाल सांगते, मग कारणं.

"तुला झाल्याच नव्हत्या. आईच्या लक्षात राहत नाही आता, मी केव्हाची सांगतेय."

ती खरंच केव्हाची सांगत होती. मधे एकदा दूध करपलं होतं, आणि एकदा रिकाम्या शेगडीवर गॅस तसाच जळत राहिला होता. तेव्हापासून ताईचं एकच टुमणं, आईला गॅसजवळ सोडू नका, स्वयंपाकाला बाई लावा. मी टाळत होतो. आईचा अख्खा दिवस त्या ओट्यापाशी जातो. तिथून उठवली तर तिने ग्रिलला धरून समोरच्या बिल्डिंगकडे बघत बसायचं, एवढंच उरतं. मला ते बघायचं नव्हतं.

ताईकडे पुरावा होता. तिच्या कांजिण्या आजोळी झाल्या होत्या, मराठवाड्यात. तिथे घरात कुणाच्या अंगावर उठलं की दाराला कडुलिंबाची डहाळी बांधायचे आणि फोडणी बंद करायचे. "आपल्या घराला डहाळी बांधलेली मी कधीच बघितली नाही," ताई म्हणाली. "मग याला झाल्या कधी? घामोळं उठलं असेल, तेच आई धरून बसलीय."

आमचे वडील तळोज्याला केमिकल कंपनीत होते. दीक्षा घेतलेलं घर. रोगाला देवी म्हणायचं नाही, दाराला काही बांधायचं नाही, यावर त्यांनी कधी तडजोड केली नाही. हे ताईला माझ्याइतकंच ठाऊक होतं, पण त्या क्षणी आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मला ताप होता. तिला काही सबब नव्हती.

डॉक्टर मात्र कुणाच्याच बाजूने बोलले नाहीत. बहुतेकांना एकदाच होतात, म्हणाले, पण दुसऱ्यांदा होतच नाहीत असं नाही, क्वचित होतात. पहिल्या वेळी अगदी लहान असाल किंवा थोडक्यात निभावलं असेल तर होऊ शकतात. पुढे कधीतरी नागीण होते ती वेगळी, ती अंगात दडून राहिलेल्या जुन्याच आजारातून उठते. तुम्हाला लहानपणी नक्की काय झालं होतं ते आज मी कसं सांगू?

म्हणजे सगळं पुन्हा आईच्या आठवणीवर येऊन थांबलं.

रविवारी ताई आली. तिला होऊन गेलेल्या, त्यामुळे तिला भीती नव्हती, निदान तिची तशी समजूत होती. स्वयंपाकाला एक बाई ठरवूनच आली होती. आई दारात उभी राहून ऐकत होती. "म्हंजे मी आता काय करायचं?" एवढंच तिने विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काहीतरी करायचं म्हणून ताई माझी उशी सारखी करायला वाकली. उशी कुरकुरली. तिने पुन्हा दाबली, पुन्हा कुरकुरली.

"काय भरलंय यात?"

"कडुलिंबाचा पाला," आई म्हणाली. "सोसायटीच्या झाडाचा. तवा बी भरला होता. तुझा बाप दाराला बांधू देईना, मग अभ्रा उसवून आत घातला. कडू वास कसला म्हणले, तर मी म्हणलं डासाला घातलाय."

ताई पलंगाच्या कडेवर बसली. लहानपणी आम्ही एकाच अंथरुणावर, एकाच लांब उशीवर झोपायचो. "रात्रभर कुरकुर व्हायची," ती हळूच म्हणाली. "मी याला चिमटे काढायचे. म्हणायचे, हलू नकोस. हा रडायचा. आणि किती दिवस नुसतं बिनफोडणीचं वरण." मग आईकडे बघून म्हणाली, "आई, तुझं बरोबर आहे गं."

आत जाताना आईची चाल बदललेली मला दिसली आणि मला फार बरं वाटलं. ताईने माझ्यासमोरच त्या बाईला फोन लावून नको म्हणून सांगितलं.

दुपारी आईने बिनफोडणीचं वरण केलं. माझ्यासाठी तसं, म्हणून ताईलाही तसंच. ती मुकाट्याने जेवली. जेवण झाल्यावर दोघी बाहेरच्या खोलीत बसून त्या उशीचंच बोलत होत्या. आईला कोणत्या शेजारणीने पाला आणून दिला होता तेसुद्धा आठवत होतं.

मी पाणी प्यायला आत गेलो. वरणाचं पातेलं उतरवून बाजूला ठेवलेलं होतं. शेगडी पेटलेली होती.

"काय करतोस रे आत एवढा वेळ?" बाहेरून ताईने विचारलं.

मी बटण बंद केलं. "काही नाही," म्हणालो, "पाणी पितोय."