एकही पाठ राहू नये

शैलाच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी मैथिलीच्या, माझ्या धाकटीच्या, लग्नाच्या साड्या फॉल-पिकोला टाकायला निघाले होते. "दीदी, सिस्टर आज ड्यूटी पे नहीं आईं, फोन भी नहीं उठा रहीं." इथे आखातात, अल मजाजच्या आमच्या टॉवरमध्ये तिचं दार माझ्या दारासमोर, आणि तिची एक किल्ली कायम माझ्याकडे. दार उघडलं तर बाईसाहेब कुशीवर झोपलेल्या... मी दोनदा रागावून हाक मारली. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. तिचा भाऊ येऊन तिला साताऱ्याला घेऊन गेला, त्याला महिना उलटला. तरी लिफ्टमधून बाहेर पडलं की माझे डोळे आधी तिच्याच दाराकडे जातात.

शैला नर्स होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. वर्षाची रजा मिळाली की आपण सगळे गावी पळतो. ही बांगलादेशात जायची, म्यानमारमधून जीव मुठीत धरून पळालेल्या रोहिंग्यांच्या छावणीत, एका संस्थेच्या दवाखान्यात काम करायला. मी करवादायचे, "अगं, जरा पाठ टेक की! इथे काय कमी पेशंट आहेत?" "तिथे जुलाब, ताप आणि खरूज. मला तेवढंच येतं," म्हणायची आणि हसायची.

त्या खरजेनं मात्र तिला जेरीस आणलं होतं. मलम फुकट, पण ते मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, तेही घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी. एक जण राहिला की थोड्याच दिवसांत सगळं घर पुन्हा खाजवत बसतं. बांबू-ताडपत्रीची एकच खोली, त्यात सासरा, दीर, पोरं... बायका कपडे काढणार कुठे? नुसत्या हातांना लावायच्या. लेकरं खाजवून खाजवून रक्त काढायची. शेवटी हिनं दवाखान्यामागे आपली हिरवी सुती साडी आडवी बांधली, पुरुषांना त्याच दिवशी घरी मलम लावायला सांगितलं, गल्लीतल्या सगळ्या बायका-पोरांना आत घेतलं आणि दुभाषी मुलीला म्हणाली, "यांना सांग, आमच्याकडे नवरीला हळद लावतात, सगळ्या मिळून. तशी लावायची." बायका आधी लाजल्या, मग एकमेकींच्या पाठी चोळता चोळता चक्क गायला लागल्या. एक तेवढी कोपऱ्यात अंग चोरून बसली. नवरा म्यानमारमध्येच मारला गेलेला. नवरीची हळद म्हटल्यावर ती पुढे येईचना.

"मला तुझी आतली खोली आठवली गं," हे सांगताना शैला म्हणाली. आमच्याच डायनिंग टेबलाशी बसलो होतो, सासूबाई आणि मैथिलीही होत्या. माझ्या थोरलीच्या हळदीला या दोघी विधवा आपणहून आतल्या खोलीत जाऊन सुपाऱ्या निवडत बसल्या होत्या. मी हात धरून ओढलं, चिडले, पण दोघी ढिम्म हलल्या नाहीत. "उगाच अपशकुन नको," एवढंच शैलाचं म्हणणं. तिकडे मात्र ती त्या बाईच्या मागे जाऊन बसली आणि स्वतः मलम चोळलं. "तिला म्हटलं, मीही तुझ्यासारखीच आहे. पण एकही पाठ राहिली ना, तर सगळ्यांना परत होतं." गल्लीतली खरूज हटली. आणि हे सांगता सांगता त्याच टेबलाशी तिनं मैथिलीला जाहीर करून टाकलं, "तुझी पहिली हळद मी लावणार. याच हिरव्या साडीत, मलमाच्या डागांसकट." "ऑफ कोर्स, मावशी! हू एल्स?" मैथिली म्हणाली. सासूबाई पाणी प्यायला उठल्या.

गेल्या शनिवारी हळद झाली. माझ्या मनात नव्हतं, पण मैथिली म्हणाली, "मावशी रागावेल." शैलाच्या भावानं ती हिरवी साडी मला देऊन ठेवली होती. ती मी पाटामागे बांधली. वाटीत हळद कालवलेली, बायका जमलेल्या, आणि पहिला हात कोणाचा, म्हणून सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मला तिथेच रडू कोसळलं. काय करणार... ती जागा तिची होती.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. सासूबाई भिंतीला धरत, कोणाकडेही न बघता आल्या आणि वाटीत बोटं बुडवली. "शैलानं सांगितलंय," एवढंच म्हणाल्या. त्यांनी नातीच्या गालाला हळद लावली आणि आत जायला वळल्या. तशी मैथिलीनं पाटावरूनच त्यांचा पदर धरला, त्यांना जवळ ओढलं, आणि ओंजळभर हळद घेऊन आजीच्या पाठीला चोळली.

साडी अजून हॉलमध्येच बांधलेली आहे. सोडू का, म्हणून मी काल विचारलं. "राहू दे गं," सासूबाई म्हणाल्या.