चाफ्यात भरलेली लांबी

कोंडीराम फाउंड्रीत होता आणि त्याच्या हाताला एक भलताच गुण होता. कुठलंही भोक त्याला बघवत नसे. ओतीव लोखंडात हवेमुळे पोकळी राहिली की त्यात लांबी, म्हणजे रंगाआधी भरायचं लुकण, भरायची, ती वाळली की घासायची आणि वर रंग मारायचा. तपासणाऱ्यानं भिंग लावलं तरी पत्ता लागायचा नाही. चिंचवड स्टेशनजवळच्या आमच्या चाळीतले गळके हंडे आणि फुटक्या कुंड्याही त्याच्याकडेच जायच्या. मला ही बुजवाबुजवी मनापासून आवडत नसे, पण माझीही बादली त्यानंच बुजवलेली, मग बोलणार कोणत्या तोंडानं?

चाळीच्या बुद्धविहारासमोरचा पांढरा चाफा त्याच्या आईचा, तानुबाईचा. गावी देवळाच्या आवारातल्या चाफ्याचं खाली पडलेलं फूलही गावकुसाबाहेरच्या या लोकांना उचलू देत नसत. एका वावटळीत त्याची फांदी मोडून भिंतीबाहेर पडली. ती पदराखाली लपवून तानुबाई इकडे आली आणि विहारासमोर लावली. आता बुद्धमूर्तीपुढे रोज त्याच झाडाची फुलं असत. म्हातारी सकाळी यायची आणि खोडावरून हात फिरवायची. नजर अधू झाली होती, पण विचारलं की फणकाऱ्यानं म्हणायची, "दिसतंय की!"

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्याआधी चाळीनं हौसेनं चाफ्याला सिमेंटचा कट्टा बांधला. खोड वीतभर मातीत गाडलं गेलं आणि पाण्याला बाहेर जायला वाट उरली नाही. त्यात भक्तीनं जो तो तांब्याभर पाणी घालायचा. पावसाळा सरता सरता बुडाशी काळपट डाग दिसला. कोंडीरामनं अंगठा दाबला, तर तो आत गेला.

आईला सांगायची त्याची छाती झाली नाही. त्यानं डाग थोडा खरवडला, कंपनीतली लांबी भरली, सालीचा रंग जुळवला आणि वर सुरकुत्याही काढल्या. चाळीत कुणाला काही कळलं नाही. थंडीत पानं गळाली, पण तेव्हा चाफा उघडाबोडका होतोच. चैत्रात मात्र इतर चाफ्यांना कोंब फुटले आणि याचे बरेचसे काळे पडून गळू लागले.

गळालेले कोंब हाताला लागले, तशी तानुबाई एके सकाळी पार खाली वाकली आणि तिचा हात बुडाशी थांबला.

"हे कातडं चाफ्याचं न्हाई," ती म्हणाली. "कुणी केलं?"

"मीच, आई," म्हणत कोंडीराम पुढे झाला.

"दुखणं झाकून बरं व्हतं व्हय रे?" म्हातारी ओरडली. सगळी चाळ बाहेर आली.

कंपनीच्या बागेत काम करणाऱ्या मारुतरावांना बोलावलं. त्यांनी लांबी उकरली. आत ओला, आंबूस लगदा होता. "खोड कुजलंय," ते म्हणाले. "डाग बंद केला आणि कूज आत चढत गेली. आता खालून वर कापत जायचं. कापलेला मधला गाभा पांढरा लागला तर तेवढी फांदी जगेल. तपकिरी ठिपका दिसला की अजून वर. दर कापाला करवत स्पिरिटनं पुसा, नाहीतर रोग करवतीबरोबरच वर जाईल."

"बुद्धपौर्णिमा तोंडावर आलीय, तवर राहू द्या," कुणीतरी म्हणालं.

"काप," तानुबाई म्हणाली.

कोंडीरामनं खोड कापलं. मधोमध काळं. आडवी फांदी कापली, तिथंही काळं. एकेक फांदी खाली येत होती आणि प्रत्येकीच्या गाभ्यात तोच ठिपका होता. मला तर पाहवेना. आता कळ्यांनी भरलेली एकच जाड फांदी उरली होती. ती त्यानं मधोमध कापली. कडेनं चीक भळाभळा वाहिला.

तानुबाईनं कडेला बोट लावलं. "चीक तर हाय. मधी कसं हाय?"

"बघ की, आई," म्हणत त्यानं तुकडा तिच्या डोळ्यांपुढे धरला.

ती बघत राहिली, पण तुकड्याकडे नाही, भलतीकडेच. कोंडीरामनं तुकडा हळूच उजवीकडे नेला. तिची नजर हलली नाही.

त्याचा चेहरा उतरला. मी जवळच होते, ठिपका मलाही दिसत होता, मुगाएवढा. 'पांढरं' एवढा एक शब्द बोलला असता तर फांदी वाचली असती, कळ्या वाचल्या असत्या, पौर्णिमाही साजरी झाली असती. पुढचं पुढे.

"काळं हाय, आई," तो म्हणाला.

"मग काप."

त्यानं करवत पुसली आणि वर कापलं. कळ्या मातीत पडल्या. हातात हातभर शेंडा राहिला. तो उन्हाकडे धरून त्यानं बराच वेळ पाहिला.

"पांढरं हाय."

"नक्की?"

"नक्की, आई. मधी काय बी न्हाई."

मारुतरावांनी शेंडा तपासला आणि मान डोलावली. "सावलीत ठेवा, चीक वाळू द्या. मग रेताड मातीत लावा. पाणी बेतानं, आणि तो कट्टा आधी फोडा."

तानुबाई मातीतच बसली आणि पदरात तोंड घालून रडली. रडं ओसरल्यावर तिनं लेकाचा चिकानं माखलेला हात चाचपून धरला.

"मला काय बी दिसत न्हाई रे. मघाशीच पांढरं म्हनला असतास, तरी मी मानलं असतं."

"म्हनूनच न्हाई म्हनलो, आई."