माझ्या आईचं तारण

साहेब कपांचं ताट घेऊन आमच्या रांगेत आले. मी हात पुढे केला. ताट माझ्या हातावरून पलीकडच्या बाईकडे गेलं.

प्रभुभोजनाचे, येशूच्या आठवणीत घ्यायच्या द्राक्षरसाचे छोटे छोटे कप. सकाळी लवकर येऊन मीच ते धुतले होते, पुसले होते, ताटात मांडले होते. खोली झाडली होती, सतरंज्या घातल्या होत्या. माझा हात तसाच पुढे राहिला. पलीकडच्या बाईने कप उचलला आणि मान खाली घातली. मागे कोणीतरी हसू दाबल्यासारखं खोकलं. मी हात पदराखाली घेतला.

शेवटची प्रार्थना झाल्यावर साहेब म्हणाले, "काही जणांना अजून पश्चात्ताप करायचा आहे." नाव घेतलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

रत्नागिरीतली आमची ख्रिस्ती मंडळी लहान. कायमचा पाळक, म्हणजे पाद्री, नाही. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले साहेबच सगळं बघतात. त्यांची बायको बायकांना शास्त्र शिकवते. तिला सगळे बाई म्हणतात. त्या दोघांच्या घरी मी अकरा वर्षं धुणीभांडी आणि स्वयंपाक केला. मंडळीत मी त्यांची बहीण. घरी माझा चहाचा कप वेगळा, मोरीच्या खिडकीत पालथा.

येशूवर विश्वास आधी आईने धरला, मग मी. बाप गेल्यावर ती मला घेऊन संगमेश्वरकडच्या गावातून इथे आली आणि बंदरावर मासळी निवडायला जाऊ लागली. तापाने पडली तेव्हा शेजारी कोणी फिरकलं नाही, मंडळीतल्या बायका पेज घेऊन आल्या. बरी झाल्यावर तिने खाडीत बाप्तिस्मा घेतला. पाण्यातून वर आली तेव्हा बाई तिला म्हणाल्या, "आता त्याने तुझा हात धरलाय. तू सोडलास तरी तो सोडणार नाही."

आई हे सगळ्यांना सांगायची. मासळी निवडताना बायका चिडवायच्या, "तुझा देव पोलीस हाय काय गो? धरला तो धरला?"

"व्हय," आई म्हणायची. "तसाच हाय."

म्हातारपणी तिची आठवण गेली. आधी वस्तू विसरली, मग मला. मला ताई म्हणू लागली. मग येशूचं नाव गेलं. शेवटी लहानपणचं गाव तेवढं उरलं, आणि गावातलं वाघजाईचं देऊळ.

एका दुपारी ती अंथरुणात उठून बसली. अंग थरथरत होतं. मला म्हणाली, "गाऱ्हाना घाल गो बाय. मला भ्या वाटता."

मी बाईंनी शिकवलेली प्रार्थना म्हटली. ती परक्या माणसाकडे बघावं तशी माझ्याकडे बघत राहिली. "ह्या काय बोलतंस? गाऱ्हाना घाल."

मी गाऱ्हाणं घातलं. लहानपणी देवळात गुरवाच्या तोंडून ऐकलं होतं तसं. आई वाघजाई, हे तुझं लेकरू घाबरलंय, इडापिडा असेल ती दूर कर म्हाराजा. आई लगेच म्हणाली, "व्हय म्हाराजा." मी पुढचं म्हटलं, ती पुन्हा "व्हय म्हाराजा." थरथर थांबली. ती आडवी झाली आणि झोपली.

मान वर केली तर दारात बाई. आजारी माणसासाठी खिरीचा डबा घेऊन आल्या होत्या. डबा दिला नाही. तसाच घेऊन परत गेल्या.

चार दिवसांनी आई मेली. माती देताना साहेब प्रत्येकासाठी म्हणतात, ही आमची बहीण प्रभूमध्ये झोपली आहे. आईसाठी म्हणाले नाहीत. पुस्तक मिटलं आणि चपला घातल्या.

पुढच्याच रविवारी ताट माझ्या हातावरून गेलं. सोमवारी मी त्यांच्या ओट्यापाशी कोळंबी सोलत होते तेव्हा बाईंनी एक कागद आणून दिला. "रविवारी उभी राहून वाच. मग तुला कप मिळेल."

माझी शाळा चौथीपर्यंत. मी सावकाश, बोट ठेवून वाचलं. माझी आई विश्वास सोडून मेली. ती तारणाला मुकली. मी तिच्या पापात भागीदार झाले.

अकरा वर्षांत मी त्या घरात उलट विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. "बाई, तुम्हीच म्हणाला होतात, तो हात सोडत नाही."

"तो नाही सोडत गं. माणूस सोडतं. शेवटपर्यंत विश्वास ठेवला तरच तारण, तरच स्वर्ग."

"आईला आठवतच नव्हतं."

"मनात पक्कं असतं ते कोणी विसरत नाही. कोळंबी नीट धू."

कोळंबी धुता धुता मला त्यांचा मुलगा आठवला. पुण्याला इंजिनियर आहे. दोन वर्षांपूर्वी नाताळला आला होता. मी पानात सुरमई वाढत होते आणि तो म्हणाला, "आई, मी हे काही मानत नाही. बरीच वर्षं मानत नाही. माझ्यासाठी प्रार्थना करू नकोस." शुद्धीत म्हणाला. पोटभर जेवून गेला.

तो गेल्यावर बाई ह्याच ओट्याला टेकून रडल्या होत्या. मला म्हणाल्या होत्या, "लहानपणी त्याने प्रभूला स्वीकारलंय. एकदा झालं ते झालं. आता तो काहीही म्हणो, तो प्रभूचाच." मी त्यांना पाणी दिलं होतं. मला त्यांच्यासाठी बरं वाटलं होतं.

रविवारी साहेबांनी मला उभं केलं. मंडळीत मी कधी तोंड उघडलं नव्हतं, गाणंसुद्धा ओठातल्या ओठात म्हणायचे. कागद मी घडी करून मुठीत ठेवला आणि बोलले. जे बोलले ते सगळं आठवतं.

"माझ्या आईची बुद्धी गेली आणि ती देवाचं नाव विसरली, तर ती तारणाबाहेर. बाईंच्या मुलाने शुद्धीत सांगितलं, मी मानत नाही, तर तो आत. दोन्ही मला बाईंनीच शिकवलं. आता बाईंनी उभं राहून सांगावं, खरं कोणतं."

मुलाचं मंडळीत कोणालाच माहीत नव्हतं. बाई सांगायच्या, त्याला सुट्टी मिळत नाही. सगळी डोकी त्यांच्याकडे वळली. बाई उभ्या राहिल्या नाहीत. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. मी तो बघितला. एवढा वेळ मी कोणाच्याच तोंडाकडे बघितलं नव्हतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

काम गेलं. आता दुसरीकडे करते. महिन्याभराने साहेब माझ्या दारात आले, आत आले नाहीत.

"ती आजारी पडलीय. तिला क्षमा कर. रविवारी ये, तुला कप मिळेल."

"आणि आई?"

"ते आपल्या हातात नाही."

"मग कागदावर कसं लिहिलंत?"

ते एक पायरी उतरले. मग म्हणाले, "जो क्षमा करत नाही त्याला क्षमा नाही. तुला माहीत आहे. तू तुझं तारण घालवतेस."

"घालवते."

ते गेले. मी दार लावलं.

मी विश्वास सोडलेला नाही. येशूवर माझा राग नाही. पण बाईंना क्षमा करून मिळणारं तारण मला नको. आईला बाहेर ठेवलं असेल तर मीही बाहेर. आईला आत घेतलं असेल तर साहेब खोटं बोलतात, आणि माझी भीती फुकट.

मी रोज बाईंसाठी प्रार्थना करते. वाईट मागत नाही. आयुष्य मागते. खूप आयुष्य दे त्यांना, प्रभू. इतकं दे की वस्तू विसराव्यात, मुलगा विसरावा, तुझं नाव विसरावं. मुलगा पुण्याहून येणार नाही, त्यांना सांभाळायला कोणीतरी ठेवेल. ते काम मी मागून घेईन. पगार देतील तो घेईन. त्यांना न्हाऊ घालीन, भरवीन, कशात कसूर करणार नाही. आणि त्या घाबरून उठून बसतील, काहीतरी म्हण गं म्हणून माझा हात धरतील, तेव्हा मी जवळच असेन. एक शब्द बोलणार नाही.