आधी ऊब, मग दाणा

९ डिसेंबर, मंगळवार. सकाळपासून मी बल्ब तपासत होते. शनिवारी सरकारी योजनेत वाटायच्या, कोंबडीच्या एक दिवसाच्या पिल्लांचे बॉक्स येणार होते आणि जनावरांच्या दवाखान्यात ब्रूडरच्या बल्बचं खोकं कालपर्यंत न उघडता पडून होतं. ब्रूडर म्हणजे आई नसलेल्या पिल्लांची आई. वर पत्र्याचं छत, त्याखाली पिवळे बल्ब. जव्हारच्या थंडीत याच्याशिवाय पिल्लू दोन दिवस जगत नाही. मी एकेक बल्ब होल्डरला लावत होते, तळहात धरून धग बघत होते आणि यादीवर टिक करत होते.

"म्याडम, बाहेर या. शेळ्यांवाल्या बाया पळाल्या."

हे आमचे ड्रेसर भोये. दवाखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस. मारका बैल एकट्यानं धरतात. आता मात्र दाराच्या आत उभं राहून बोलत होते.

बाहेर एक बाई पायरीवर बसली होती. शेजारी झाकण बांधलेली बांबूची टोपली. बाकीच्या बाया आपापल्या शेळ्या घेऊन कंपाउंडच्या पार टोकाला.

"बाय, साप हाय. जेवत नाय," ती म्हणाली. आमच्याकडे डॉक्टरला काय, तहसीलदारालाही 'तू'च म्हणतात. "तू बघ."

तिचं नाव जानकी. साखरशेतच्या पुढच्या एका पाड्यावर राहते, मिळेल ती मजुरी करते. मी झाकण उचललं. चारेक फुटांचा, जाडसर, तपकिरी अंगावर काळे पट्टे. बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर. आपल्याकडचा साप घरात ठेवणं गुन्हा आहे. परदेशी साप नोंदणी करून ठेवता येतो. मी काही विचारायच्या आत जानकीनं पोलक्यातून प्लास्टिकची पिशवी काढली. कागद होता. तिच्या नवऱ्याच्या, काशिनाथच्या नावावर.

काशिनाथ ठाण्याकडच्या एका बंगल्यात वीस वर्षं होता. मालकाला प्राणी पाळायचा नाद. त्यांची साफसफाई, खाणंपिणं सगळं काशिनाथकडे. मालक परदेशी गेला तेव्हा बाकीचे प्राणी विकले गेले. हा साप म्हातारा, तो कुणी घेईना. काशिनाथनं काचेच्या पेटीसकट गावी आणला. गेल्या पावसाळ्यात काशिनाथला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तेव्हापासून तो खाटेवर, आणि खाटेशेजारी सापाची पेटी.

"किती दिवस खाल्लं नाही?"

"दिवाळीच्या आधीपासनं. माझा माणूस भिंतीवर कोळशाची रेघ मारायचा, दर खाण्याला एक. तो पडला तवापासनं मी मारते. दसऱ्याच्या मागनं रेघच नाय."

"अजगर महिना दोन महिने खात नाहीत, जानकी. त्यात हा म्हातारा."

"सापाचं मला काय नाय, बाय." तिनं टोपलीवर हात ठेवला. "माझा माणूस खायचा थांबलाय. पेज दिली का पेटीकडं बोट करतो. आधी त्याला, असं खुणावतो. आठवडा झाला, दोन घोट पाणी नि दोन चमचे पेज. तू सापाला खायला लाव, म्हणजे तो खाईल."

केस अशी होती. पेशंट टोपलीत, आणि खरा पेशंट दहा-बारा किलोमीटरवर खाटेवर.

मी जिल्ह्याच्या साहेबांना फोन लावला.

"साप? मॅडम, आपल्या रजिस्टरमध्ये सापाचा कॉलम आहे का?"

"नाही सर. 'इतर' आहे."

"मुंबईला रेफर करा."

"ती मुंबईला जाणार नाही. नवऱ्याला कोण बघणार?"

"मग तुमच्या जबाबदारीवर. आणि पिल्लांच्या लाभार्थ्यांची यादी आज पाठवा."

मी 'इतर'मध्ये साप लिहिला आणि टेबलावर घेतला. भोयेंनी शेपटीकडून धरला, डोळे मिटून.

वजन केलं. पाठीचा कणा वर आला होता, छपराच्या आढ्यासारखा. जुनी कात मानेपाशी चिकटून राहिली होती. तोंड उघडून पाहिलं, हिरड्या फिक्या, पण पू नाही, फेस नाही. टोपलीतली विष्ठा मायक्रोस्कोपखाली पाहिली. जंतांची चार-दोन अंडी. तेवढ्यानं कुणी उपाशी राहत नाही. मी जानकीला विचारत गेले. काय देतेस? शेतातला उंदीर, मेलेला, चिमट्यात धरून, नवऱ्यानं शिकवल्याप्रमाणे. कुठून आणतेस?

ती पहिल्यांदाच हसली. "उंदीर धरायला आमच्यात शिकवाय लागत नाय, बाय. बिळाला धूर दिला का आला."

पाणी? रोज. कात कधी टाकली? कुठलं औषध, फवारणी? नाही. मी बरंच काही विचारलं. शेण, रवंथ, ताप विचारायची सवय असलेल्या बाईनं जेवढं विचारावं तेवढं सगळं.

साप हाताला गार लागत होता. भोये म्हणाले, "किती थंड आहे हो." मी म्हणाले, "साप थंडच असतो."

हे वाक्य मी डॉक्टर म्हणून बोलले नाही. लहानपणी ऐकलेलं बोलले. थंड रक्ताचा प्राणी म्हणजे कायम थंड असणारा प्राणी, असा त्याचा अर्थ नाही. त्याला स्वतःची ऊब तयार करता येत नाही, बाहेरून घ्यावी लागते, एवढाच अर्थ. या अजगराला साधारण तीस अंश लागतात. त्याहून फार गार झाला की त्याचं पोट काम थांबवतं. मग तो खात नाही, आणि ते बरोबरच करतो. कारण पोटात गेलेलं पचत नाही, कुजतं. हे मी कॉलेजात शिकले होते, पास झाले होते आणि सव्वीस वर्षं गाई-म्हशींमध्ये ठेवून दिलं होतं.

माझी एक वर्गमैत्रीण मुंबईत जंगली प्राण्यांचं काम करते. तिला फोन लावला, लागला नाही. मेसेज टाकला. जानकीची परतीची जीप बाराला होती. गाय चारा सोडते तेव्हा आम्ही थांबत नाही, नळीनं पोटात घालतो. मी तेच केलं. कच्च्या अंड्याचा बलक आणि ग्लुकोजचं पाणी, बारीक मऊ नळी, तेल लावून हळू आत. साप शांत होता. विरोध केला नाही. तेही मला चांगलं लक्षण वाटलं.

आणि हे सगळं होत असताना तपासायला लावलेला बल्ब टेबलाच्या कोपऱ्यात पेटलेलाच होता. माझ्या डाव्या हाताला त्याची धग लागत होती. उजव्या हातात गारठलेला साप होता.

"खाल्लं का त्यानं?" जानकीनं विचारलं.

"पोटात गेलं."

"म्हणजे खाल्लं," ती म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन जीपकडे गेली.

संध्याकाळी मैत्रिणीचा मेसेज आला. 'काही भरवू नकोस. आधी पेटीतलं टेंपरेचर सांग.' मी तो स्वयंपाकघरात उभी राहून वाचला. भरवून झालं होतं. जानकीकडे फोन नाही. शुक्रवारी लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाला त्याच बाजूला जायचं होतं. म्हटलं, तेव्हा बघू. तीन दिवसांत काय होतंय?

शुक्रवारी पाड्यावर पोचले तेव्हा जानकी रस्त्यावरच उभी होती.

"तुझ्याकडनं आले त्या दिवशी माझ्या माणसानं वाटीभर पेज खाल्ली, बाय. दुसऱ्या दिवशी पण. आज साप ओकला. वास मारतोय. तोंड वासून बसलाय." ती माझ्यापुढे चालत होती, मागे बघत नव्हती. "माझ्या माणसानं बघितलं. सकाळपासनं तोंडच उघडत नाय."

घर कुडाचं, शेणानं सारवलेलं. खाटेवर काशिनाथ, गोधडीत, गालफडं बसलेली. भिंतीवर कोळशाच्या रेघा, पाच-पाचचे गठ्ठे, आणि शेवटच्या गठ्ठ्यात दोनच. शेजारी काचेची पेटी. साप मान वर करून, तोंड उघडं ठेवून श्वास घेत होता. नाकाशी बुडबुडे. ओकताना अंडं फुप्फुसात गेलं होतं, हे बघूनच कळलं.

मी पेटीच्या काचेला हात लावला. बर्फ. वर झाकणातून बल्ब सोडला होता. पांढरा, एलईडी, त्याच्यावर फडकं टाकलेलं.

"हा बल्ब कधीपासून?"

"पयला पिवळा होता, तो दसऱ्याला गेला. दुकानात म्हणे पिवळा आता येत नाय, हा घे, उजेड जास्ती नि बिल कमी."

"आणि फडकं?"

"तो सारखा बल्बाकडं हात करतो ना. मला वाटलं उजेड डोळ्यात जातो."

एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. घराला चांगला. या पेटीत तो पिवळा बल्ब दिवा नव्हताच, चूल होती.

मी काशिनाथकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता. त्यानं डावा हात गोधडीतून काढला, बल्बाकडे केला, मग मूठ मिटून छातीशी घासली. थंडी वाजल्यावर करतो तसं. दोन महिने तो हेच सांगत असणार. वीस वर्षं या सापाला सांभाळलेला माणूस त्या घरात होता. मी रजिस्टर उघडलं, मायक्रोस्कोप काढला, साहेबांना फोन केला, मुंबईला मेसेज केला. त्याला काय वाटतं ते विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. तो बोलू शकत नाही, एवढंच लक्षात राहिलं होतं.

जानकी हळू आवाजात म्हणाली, "बल्ब मी लावला, बाय. म्हणजे मीच ना?"

"आधी याला घेऊन जाते," मी म्हणाले.

दवाखान्यात साप ब्रूडरखाली ठेवला. गरम पाण्याच्या बाटल्या, अँटिबायोटिकचं इंजेक्शन, मैत्रीण आता फोनवर होती, तिनं डोस सांगितले. "उशीर झालाय गं," असंही सांगितलं. संध्याकाळी अंगाला ऊब आली. सापानं एकदा जीभ बाहेर काढली. भोयेंना आनंद झाला. मला झाला नाही.

शनिवारी सकाळी सातला दवाखाना उघडला तेव्हा तो मेलेला होता. बल्ब चालू, अंग गरम.

पिल्लांची गाडी आठला यायची होती. त्याआधी मी पोस्टमॉर्टेम केलं. किडन्या आक्रसलेल्या, वयानं. त्यानं फार तर एखादं वर्ष काढलं असतं. पण त्यानं तो मेला नव्हता. पोटात कुजलेलं अंडं, फुप्फुसात अंडं. ते मी घातलेलं.

मग गाडी आली. तीस बाया ओट्यावर बसल्या आणि मी दर वर्षी सांगते ते सांगितलं. "पिल्लू घरी नेलं की लगेच दाणे टाकायचे नाहीत. गार पिल्लाला खाणं पचत नाही. आधी ऊब, मग दाणा. म्हणा." बायांनी एका सुरात म्हटलं. भोये माझ्याकडे बघत नव्हते.

दुपारी साहेबांचा फोन आला. पिल्लांचं विचारून झाल्यावर म्हणाले, "त्या सापाचं काय?"

"गेला, सर."

"म्हातारा होता ना? लिहा वार्धक्य. विषय संपवा."

"वार्धक्यानं नाही गेला. थंडीनं पोट बंद होतं, त्यात मी नळीनं भरवलं. तसं लिहिते."

"कोण विचारणार आहे, मॅडम?"

"कुणी नाही," मी म्हणाले, आणि तसंच लिहिलं. वार्धक्य म्हटलं असतं, तर जानकीनं बल्बचा दोष जन्मभर स्वतःकडेच धरला असता.

रविवारी सकाळी मी सुट्टीच्या दिवशी जीप पकडून पाड्यावर गेले. साप पांढऱ्या फडक्यात बांधून नेला होता. पिशवीत ब्रूडरचा एक जास्तीचा पिवळा बल्बही होता. तो कशाला घेतला, मलाही सांगता आलं नसतं.

काशिनाथनं फडकं बघितलं आणि त्याला कळलं. मी खाटेच्या काठावर बसले, त्याच्या डाव्या बाजूला.

"बल्बनं तो उपाशी राहिला. उपाशी राहून तो जगत होता. मेला तो माझ्यामुळे. गार सापाला मी भरवलं. तुला विचारायला पाहिजे होतं. जानकीचा दोष नाही."

त्यानं हात फडक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. जानकी चुलीपाशी पाठ करून उभी होती. काशिनाथच्या पायांना माझा हात लागला, तर ते काचेच्या पेटीसारखे गार. मी उठून एलईडी काढला, पिवळा बल्ब लावला आणि वायर ओढून तो खाटेच्या वर आणला.

आम्ही घरामागे खड्डा केला, जानकीनं आणि मी. परत आत आलो तेव्हा त्यानं गोधडीतून हात काढून बल्बाखाली धरला होता.

जानकीनं पेजेची वाटी पुढे केली. त्यानं तोंड फिरवलं. मी वाटीला बोट लावून बघितलं. पहाटेची पेज, गार झालेली.

"आधी गरम कर," मी म्हणाले.

तिनं चूल फुंकली. गरम पेज त्यानं दोन चमचे घेतली, तिसऱ्याला मान हलवली. दहाची जीप होती. मी निघाले.