सहाशे मीटरवरचा वारा

लग्नानंतर मी दोहाला गेले ते १९९८ साली. हे तिथे रस्त्यांच्या कामावर सर्व्हेअर होते. नजमा भागात दुसऱ्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं घर होतं. खाली किराणा, शेजारी कॅफेटेरिया, समोर एका खोलीत आठ-आठ जण राहणारी बॅचलर मंडळी. पहिली दोन वर्षं मला त्या शहराचा फक्त आवाज माहीत होता, कारण हे पहाटे साडेचारला साइटवर जात आणि मी दिवसभर घरात. मग मुलगी झाली आणि दिवस आपोआप भरून गेले.

हे मितभाषी. जेवताना "मीठ" एवढंच म्हणतील, तेही कमी असलं तरच. त्यामुळे त्यांनी साइटवर माझ्याबद्दल काही सांगितलं असेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. पण एका गुरुवारी घरी आल्यावर बूट काढता काढता ते म्हणाले, "बाबांनी उद्या तुला बोलावलंय. रेंजवर."

बाबा म्हणजे सरकारी खात्याकडून काम तपासायला येणारे कतारी गृहस्थ. सैन्यातून निवृत्त झालेले, साठीच्या आसपासचे. साइटवरचे सगळे त्यांना बाबाच म्हणत. रस्त्याची उंची दोन मिलिमीटरनं चुकली तरी ते काम उखडायला लावत, आणि यांचं काम मात्र त्यांनी कधी उखडलं नव्हतं. त्यावरून दोघांचं जमलं होतं. बोलता बोलता यांनी सांगितलं होतं की बायको नाशिकला कॉलेजात एनसीसीमध्ये होती आणि रायफल चांगली चालवायची.

"अहो, ती पॉइंट टू-टू होती. पंचवीस मीटरवर. आणि त्याला आता आठ वर्षं झाली," मी म्हटलं.

"मी तेच सांगितलं. ते म्हणाले, हात विसरत नाही."

खालच्या मजल्यावर रत्नागिरीच्या एक बाई राहायच्या. त्यांचे मिस्टर बंदरात कारकून. मुलीला त्यांच्याकडे ठेवायला गेले तेव्हा मी खरं कारण सांगितलं. त्या पोटभर हसल्या आणि म्हणाल्या, "जा गो तू. पोरीची काळजी करू नको. येताना कोण काय बोललं ते सगळं सांग मात्र."

गोळीबाराची रेंज रय्यानच्याही पुढे, शहराच्या पश्चिमेला होती. सपाट वाळवंट, टोकाला बुलडोझरनं रचलेला मातीचा उंच बांध, आणि अलीकडे पत्र्याच्या शेडखाली निशाणेबाजांच्या जागा. नोव्हेंबरची सकाळ, अंगावर स्वेटर हवासा वाटणारी. दहा-बारा पुरुष होते, काही कतारी, काही गोरे. बाई मी एकटी. पालथं पडून गोळ्या झाडायच्या हे आठवलं आणि मी यांच्या मागेच थांबले. सलवार-कमीजमध्ये, एवढ्या परक्या माणसांसमोर?

बाबांनी ते ओळखलं. त्यांनी आम्हाला सगळ्यात टोकाची जागा दिली, आपली जीप आणून मागे आडवी लावली, जीपच्या पुढे आपली घडीची खुर्ची टाकली आणि रेंजकडे तोंड करून बसले. पाठीमागून बघायला कोणाला जागाच राहिली नाही. मग म्हणाले, "मदाम, यल्ला!" म्हणजे चला.

त्यांनी रायफल पेटीतून काढली तेव्हा शेजारच्या जागेवरचा एक गोरा मिश्कीलपणे हसला. त्याची रायफल कारागिराकडून मुद्दाम बनवून घेतलेली, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, नळी मनगटाएवढी जाड. आमची कारखान्यातून हजारोंनी निघणाऱ्यांतली, दुकानातल्या सर्वांत स्वस्त रांगेतली. काळ्या प्लास्टिकचा दस्ता आणि त्यावर बेताची दुर्बीण. बाबांनी ती मुद्दाम तशी घेतली होती. ते म्हणाले, "महंगा बंदूक में आदमी सोचता है, बंदूक मारेगा. सस्ता में मालूम है, हमको मारना है."

रायफल अर्थात त्यांच्या नावावर, त्यांच्याच ताब्यात. आम्ही शुक्रवारपुरते.

पहिल्या गोळीनं मला खांद्यात असा धक्का दिला की डोळ्यांत पाणी आलं. एनसीसीची रायफल याच्यापुढे खेळणं होती. पण शंभर मीटरवरचा कागद आणला तर पाचही भोकं एका वाटीखाली झाकली जातील इतकी जवळ होती. बाबा म्हणाले, "देखा? हाथ याद रखता है." यांनी फक्त कागदाची घडी करून खिशात ठेवली. तो कागद पुढे कितीतरी दिवस कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता.

त्या हिवाळ्यात आम्ही जवळजवळ प्रत्येक शुक्रवारी गेलो. बाबांनी मला श्वास अर्धा सोडून थांबायला शिकवलं. ट्रिगर बोटाच्या पेरानं इतका हळू दाबायचा की गोळी सुटली याचं आपल्यालाच आश्चर्य वाटावं, हे शिकवलं. "शुवै शुवै," म्हणजे हळूहळू, हे त्यांचं पालुपद. शंभरावरून दोनशे, दोनशेवरून तीनशे. आणि मग जानेवारीत सहाशे.

सहाशे मीटरवर बांधाच्या पायथ्याशी लोखंडी पाटे टांगलेले होते, पांढरे रंगवलेले, मोठ्या परातीएवढे. नुसत्या डोळ्यांना ते मिठाच्या कणासारखे दिसत. गोळी लागली तर दोन-अडीच सेकंदांनी 'टण्ण' असा बारीक आवाज परत येई. शेजारून तो सारखा यायचा. माझ्याकडून येईना. एक गोळी डावीकडे धूळ उडवी, दुसरी वर, तिसरी उजवीकडे. काही ताळतंत्रच नाही. पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

चौथ्या शुक्रवारी शेजारचा गोरा बाबांना समजावून सांगू लागला की ही रायफल तीनशेपर्यंत ठीक, पुढे तिचा उपयोग नाही. बाबा ऐकून घेत होते, पण त्यांचा चेहरा पडला होता. घरी येताना मी गाडीत रडले. "रायफल बरी आहे हो. मलाच जमत नाही. मी नाही येणार आता."

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी यांनी माझ्याकडे नेलपॉलिश मागितलं.

"कशाला?"

"हवंय."

शुक्रवारी रेंजवर त्यांनी ती लाल बाटली काढली आणि दुर्बीण रायफलीवर जिथे बसवलेली होती तिथे, खालच्या पट्टीपासून नळीपर्यंत, बारीक उभी रेघ मारली. सुकू दिली. "आता मार दहा."

दहा गोळ्यांनंतर त्यांनी खिशातलं भिंग काढलं, वाकून पाहिलं आणि बाबांना बोलावलं. रेघ तुटली होती. वरचा अर्धा भाग खालच्यापासून केसभर सरकलेला. दुर्बिणीखालची पट्टी ज्या स्क्रूंनी नळीवर बसवली होती ते कधी नीट आवळलेच गेले नव्हते, आणि प्रत्येक धक्क्याला दुर्बीण थोडीथोडी हलत होती. "शंभरावर दोन बोटांची चूक," हे म्हणाले, "सहाशेवर वीतभर होते. मोजणीच्या थिओडोलाइटचंही तसंच असतं. आधी स्टँड बघायचा, मग माणूस."

बाबा कपाळावर हात मारून एवढे हसले की त्यांना खोकला आला. "मैं फौज में पच्चीस साल," ते म्हणाले, "और मेरा बंदूक का गलती पकड़ा सर्व्हेअर ने!"

पट्टी काढून, पुसून, स्क्रू पक्के बसवून त्याच दुपारी आम्ही परत मारलं. तिसऱ्या गोळीला तो आवाज आला. आधी वाटलं शेजारचा असेल. पण शेजारी सगळे चहा पीत उभे होते.

तेव्हापासून हे नुसते बघे राहिले नाहीत. रेंजवर टेहळणीची एक मोठी दुर्बीण होती, ती लावून हे माझ्या डाव्या खांद्याशी बसू लागले. सर्व्हेच्या कामात दहा वाजल्यानंतर जमीन तापली की दुर्बिणीतून समोरचं सगळं थरथरायला लागतं, मोजपट्टीवरचे आकडे नाचतात आणि काम बंद ठेवावं लागतं. वर्षानुवर्षं यांनी त्या थरथरीला शिव्या घातल्या होत्या. आता त्यांच्या लक्षात आलं की ती थरथर म्हणजेच वारा. ती उकळत्या पाण्यासारखी सरळ वर जात असेल तर आडवा वारा नाही. ओढ्यासारखी एका बाजूला वाहत असेल तर वाराही त्याच बाजूला जातोय, आणि आपली गोळीसुद्धा.

जो माणूस चार वर्षांत माझ्याशी सलग दहा वाक्यं बोलला नव्हता, तो आता अख्खी सकाळ माझ्या कानाशी बोलत होता. "थांब. अजून थांब. वाहतंय. कमी होतंय... डावीकडे, अर्धी परात. आता." माझा गाल दस्त्यावर, डोळा काचेला, त्यामुळे मला ते दिसत नसत, फक्त आवाज. मी त्या आवाजावर इतकी विसंबू लागले की तो शांत झाला की माझाही श्वास जागच्या जागी थांबे. प्रत्येक गोळी ते आपल्या सर्व्हेच्या वहीत लिहीत. वेळ, वारा, नेम कुठे, लागली कुठे.

दोन वर्षांनी एका फेब्रुवारीत रेंजवरच्याच लोकांनी आपसात एक छोटी स्पर्धा ठेवली. सहाशे मीटर, दहा गोळ्या, जास्त आवाज काढेल तो जिंकला. बाबांनी मला न विचारता माझं नाव दिलं. चौदा जण होते.

पहिल्या सहाही लागल्या. मागे जीपपाशी बाबांची जपमाळ चाललेली मला ऐकू येत होती. सातव्या गोळीच्या वेळी हे म्हणाले, "पलीकडे उलटं झालंय. उजवीकडे धर."

मी क्षणभर मान वर केली. वारा कळावा म्हणून आमच्यासमोर लावलेला झेंडा स्पष्ट डावीकडून उजवीकडे फडकत होता. म्हणजे गोळी उजवीकडे जाणार, नेम डावीकडे हवा. मला वाटलं, घाईत यांची बाजू चुकली. मी डावीकडे धरलं आणि मारलं. पाट्याच्या डावीकडे हातभर अंतरावर धूळ उडाली.

"उजवीकडे," हे पुन्हा म्हणाले. तोच स्वर, जराही वर नाही.

इथे मी शहाणपण दाखवायला हवं होतं. पण त्या क्षणी मला राग आला होता, कोणावर ते सांगता येणार नाही. झेंडा तर डोळ्यांसमोर दिसत होता! मी परत झेंड्याचं ऐकलं. परत डावीकडे धूळ.

मग मी डोळे मिटले. "अहो, सांगा."

"झेंडा आपल्यापाशी आहे. गोळी तिकडे जायचीय. उजवीकडे, पाव परात. थांब... आता."

नववी लागली. दहावीही.

आठ आवाज. मी चौथी आले. पहिला आला तो अक्रोडाच्या दस्त्याचा गोरा, दहापैकी दहा. त्यानं येऊन यांच्याशी हात मिळवला आणि आमची रायफल उचलून बराच वेळ निरखून पाहिली. बाबांनी सगळ्यांना कॅफेटेरियातून आणलेला कडक, दुधाळ करक चहा आणि पराठे दिले. जणू मीच जिंकले होते.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "चुकलं माझं. दोन्ही वेळा."

यांनी रस्त्यावरची नजर न काढता मागच्या सीटवरची वही घ्यायला सांगितलं. मी पान उघडलं. सातव्या गोळीपुढे लिहिलं होतं: वारा उजवीकडून डावीकडे, नेम डावीकडे, पाटा चुकला. शेवटच्या रकान्यात कारण: सूचना अपुरी. झेंडा आणि पलीकडचा वारा वेगळा आहे हे सांगितलं नाही. आठवीपुढेही तेच.

"अहो, पण तुम्ही सांगितलं होतं की. मीच ऐकलं नाही."

"काय करायचं ते सांगितलं होतं," ते म्हणाले. "का ते नव्हतं सांगितलं."

मी वही मिटून मांडीवर ठेवली. त्यानंतर घरातसुद्धा हे थोडं जास्त बोलू लागले. पगार कुठे ठेवायचा, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, सगळ्यात 'का' सांगू लागले. मीही विचारू लागले.

पुढे आम्ही रय्यानला मोठ्या घरात राहायला गेलो. मुलगी शाळेतून येऊन इंग्रजीत बडबडू लागली. बाबांचे गुडघे गेले. त्यांना पालथं पडता येईना, पण ते प्रत्येक शुक्रवारी आपल्या खुर्चीत येऊन बसत आणि माझ्या प्रत्येक गोळीनंतर मान हलवत. २००८ मध्ये यांचं काम संपलं आणि आम्ही नाशिकला परत यायचं ठरवलं.

शेवटच्या शुक्रवारी मी पाच मारल्या आणि बाजूला झाले. तेव्हा बाबा अचानक खुर्चीतून उठले. काठी जीपला टेकवली आणि म्हणाले, "आज मैं."

आम्ही दोघांनी त्यांना धरून चटईवर झोपवलं. गुडघे टेकताना ते कण्हले, पण रायफल हातात आल्यावर त्यांचं अंग असं स्थिर झालं की मी बघतच राहिले. हे नेहमीसारखे दुर्बिणीशी बसले, फक्त या वेळी हिंदीत बोलू लागले. "रुको, बाबा. अभी रुको. बायें, आधा... अब."

धूळ उडाली.

"लगा?" बाबांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांना आता सहाशे मीटरवरचं काही दिसत नव्हतं.

"नहीं, बाबा. एक हाथ ऊपर गया."

बाबा स्वतःशीच हसले. "अच्छा. सच बोलता है." त्यांनी बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला. हे वारा सांगत राहिले. मी वाळूत बसून दोघांकडे पाहत होते. दुसरी गोळी सुटली, आणि आम्ही तिघंही मान न हलवता ऐकत राहिलो, तोवर पलीकडून तो आवाज आला.

"खलास," बाबा म्हणाले आणि त्यांनी गाल दस्त्यावर तसाच टेकवून ठेवला. उठायची त्यांनी घाई केली नाही. आम्हीही केली नाही.